पोटनिवडणुकीतला तीळ

तीळ पेरला तेव्हा खासदारसाहेब चांगले धडधाकट होते. तीळ गुडघ्याएवढा झाला आणि एका सकाळी साहेब दाढी करता करता आरशासमोरच कोसळले. मग दुखवटा झाला, भाषणं झाली, आता जागा कुणाला यावर पक्षात भांडणंही झाली. शेवटी साहेबांच्या सूनबाईंना उभं करायचं ठरलं. आणि तिळाची खालची बोंडं पिवळी पडायला आणि पोटनिवडणूक लागायला एकच गाठ पडली.

दोन जावांतल्या थोरलीला निवडणुकीचं सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव तिळात अडकला होता. तीळ हे पीक मोठं चावट. आज जरा कच्चा वाटतो म्हणून सोडावा, तर परवा बोंडं तोंड उघडून बसतात, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सगळी मेहनत मातीत. मातीत सांडलेला तीळ कुणाच्या बापाला वेचता येत नाही. वरची बोंडं हिरवी असतानाच तो कापायचा, पेंढ्या बांधायच्या, उभ्या करून वाळवायच्या. या कामाला बायांची टोळी लागते, आणि लागते तेव्हा लागतेच.

टोळी ठरलेली होती. सोमवारी येतो म्हणून टोळीवालीनं शब्द दिला होता. सोमवारी थोरलीनं विळ्यांना धार लावली, पाण्याची घागर भरून झाडाखाली ठेवली आणि बांधावर वाट बघत उभी राहिली. ऊन वर चढलं. पाखरं चरून झाडात जाऊन बसली. टोळीचा पत्ता नाही. मग रस्त्यावरून धुरळा उडवत एक ट्रक आला. मागं बाया दाटीवाटीनं उभ्या, प्रत्येकीच्या गळ्यात पक्षाचा रुमाल. त्यात टोळीवाली होती. तिनं थोरलीला बघून हात हलवला आणि लगेच, काहीतरी चुकल्यासारखा, खाली घेतला. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी पांढरा सदरा घालून जो माणूस ताठ बसला होता, तो थोरलीचा नवरा होता.

गाव त्याला भोंगा म्हणायचं. चिडवायला नाही, कौतुकानं. साहेब पहिल्यांदा उभे राहिले तेव्हापासून प्रचाराच्या जीपवर आवाज त्याचा. माईक हातात घेऊन तो "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणाला की गोठ्यातली जनावरंसुद्धा माना वर करायची. साहेब त्याला बरोबर जेवायला बसवायचे. त्याच्या आवाजामुळे आपण निवडून येतो असं एकदा भर सभेत म्हणाले होते, आणि ते वाक्य भोंग्यानं इतक्यांदा घरी सांगितलं होतं की थोरलीला ते स्वयंपाक करताना आपोआप ऐकू यायचं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा थोरली दारातच बसली होती.

"माझ्याच शेतातल्या बाया तुम्हीच ट्रकात भरल्यात?"

"अगं, मी कुठं भरल्या? वरून सांगितलं, गावातून चाळीस बायका हव्यात. आता माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"मला कसं म्हणालात?"

"तुला कुठं काय म्हणालो?"

"तेच तर. विचारलंतसुद्धा नाही."

तो पायावर पाणी घेत राहिला. अंगाचा तिळपापड झाला होता तरी थोरलीनं ताट वाढलं. बोलता बोलता तो आज किती गावं झाली, कुठं किती गर्दी होती, ते सांगत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ऐकता ऐकता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. दर निवडणुकीत दुसऱ्या संध्याकाळी भोंग्याचा आवाज बसायचा. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या, गळ्याला फडकं आणि घरात नुसत्या खाणाखुणा. या वेळी गळा ठणठणीत होता. तिनं विचारलं नाही, पण मनात टाचून ठेवलं.

चौथ्या दिवशी खालच्या पट्टीतली चार-दोन बोंडं तडकलेली दिसली, तशी ती उठली आणि तडक सभेच्या मैदानावर गेली. म्हटलं, टोळीवालीचा हात धरूनच आणते.

मैदान बाजाराच्या मागं होतं. मांडव घातला होता. सभा दुपारनंतर, पण बायका सकाळपासून सावलीत बसवलेल्या. कुणी पाय पसरून गप्पा मारत होतं, कुणी जेवणाची पाकिटं सोडत होतं. टोळीवाली तोंड पुसत उठून आली.

"वहिनी, रागावू नका. तुमच्यात दिवसभर वाकून जे पडतं तेवढं इथं नुसतं बसून पडतंय. वर जेवण. मत मी कुणाला द्यायचं ते देईन, पण माझ्या कंबरेचं मत या पक्षालाच आहे."

"आणि माझा तीळ?"

"मतदान झालं की दुसऱ्या दिवशी दारात हजर."

"तोवर तो थांबेल? त्याला काय आचारसंहिता लावू?"

बाया हसल्या. थोरलीलाही हसू आलं आणि तिथंच तिचा जोर गेला. या बायांना शिव्या द्यायला तिची जीभ वळेना. हयातभर वाकलेल्या होत्या बिचाऱ्या; चार दिवस बसल्या तर बसल्या.

तेवढ्यात मैदानाला वळसा घालून प्रचाराची जीप आली. वरच्या कर्ण्यातून आवाज येत होता, पण तो भोंग्याचा नव्हता. शहरातला कुणीतरी गुळगुळीत गळ्याचा माणूस, मागं वाजंत्री, मध्येच गाणं. तेच वाक्य संपायचं, तेच सुरू व्हायचं. जीपमध्ये चालवणारा पोरगा सोडून कुणी नव्हतं.

थोरलीनं नवऱ्याला शोधलं. तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन्ही हातांत चार-चार खुर्च्या धरून चालला होता. सदरा पाठीला चिकटलेला. मांडवाच्या मध्ये काळा चष्मा घातलेला एक तरणा पोरगा कानाला फोन लावून उभा होता. तो ओरडला, "ओ काका! अहो काका, बहिरे आहात का? त्या खुर्च्या इकडे नाही, महिलांच्या बाजूला!"

"हो, हो, आणतो," भोंगा म्हणाला आणि होता तसा वळला. वळताना एक खुर्ची निसटून पायावर पडली. ती उचलायला तो वाकला, तशी थोरली झटकन एका ट्रकच्या आड झाली. त्यानं आपल्याला बघू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

परत येताना तिला रस्ता दिसत नव्हता. जाताना नवऱ्यावर जो राग घेऊन ती निघाली होती, तो कुठंतरी मांडवातच राहिला. आता त्या चष्मेवाल्याच्या दोन मुस्कटात द्याव्यात असं वाटत होतं. ज्याच्या आवाजावर माणसं दारात येऊन उभी राहायची, त्याला कुणीतरी बहिरा म्हणावं!

तिच्या शेताला लागूनच दिराचं शेत. तिथंही तीळच. बांधावर धाकटी जाऊ गालाला हात लावून एकटीच बसली होती.

दोघींचं बोलणं बंद होतं. भांडण त्यांचं नव्हतं, भावाभावांचं होतं. मागच्या निवडणुकीत दीर दुसऱ्या पक्षात गेला. निकालाच्या दिवशी भोंग्यानं कर्णा नेमका भावाच्या दाराकडे तोंड करून लावला आणि साहेबांचा विजय दुपारपर्यंत जाहीर केला. त्या दिवसापासून दोन घरांमधली भिंत एकच असून बोलणं तुटलं. आपापल्या नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून बायकाही गप्प झाल्या, आणि मग गप्प राहायची सवयच पडून गेली.

थोरली बांधावर थांबली. "कापणी?"

धाकटीनं दचकून वर पाहिलं. "बाया नाहीत."

"कुठं गेल्या?"

"यांनीच नेल्या की. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून. तिकडच्या सभेला."

क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरलीला फिस्सकन हसू फुटलं, आणि तिला बघून धाकटीलाही. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"पण जाऊबाई," धाकटी डोळे पुसत म्हणाली, "आपण बोलत नाही ना?"

"नाही बोलत. जास्तीचा विळा आहे का तुझ्याकडे?"

आधी धाकटीच्या शेतातली वरची पट्टी घेतली, कारण तिथली बोंडं जास्त पिवळी होती. मग थोरलीची खालची. तुझं-माझं करत बसायला वेळच नव्हता. एका हातानं मूठभर ताटं धरायची, दुसऱ्या हातानं विळा बुडाशी ओढायचा, हलक्या हातानं मागं ठेवायचं. आपटलं की गेलं. तिळाच्या पाल्याला एक उग्र चिकट वास असतो. तो हाताला बसला की धुऊनही जात नाही. दुपार कलेपर्यंत दोघींचे पंजे काळेहिरवे झाले. कमरेत कळा येऊ लागल्या की उभं राहून पाठ मागं ताणायची, घोटभर पाणी प्यायचं, की पुन्हा वाकायचं. आणि तोंड मात्र दोघींचं बंद नव्हतं. एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं. धाकटीच्या माहेरी भावाला मुलगी झाली होती. थोरलीची एक दाढ काढली होती. एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड एवढं घडलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

"रात्री तुम्ही खोकत होता महिनाभर," धाकटी म्हणाली. "मला ऐकू यायचं. काढा पाठवावा असं वाटायचं."

"मग पाठवायचा होतास."

"तुमच्या पक्षानं घेतला नसता."

दिवस मावळताना पेंढ्यांच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. एकमेकींना टेकून, शेंडे वर करून. अजून बरंचसं शेत बाकी होतं, पण थोरलीला किती तरी दिवसांनी पोटभर भूक लागली.

घरी आली तर भोंगा अंगणात येरझारा घालत होता. चेहरा उजळलेला.

"उद्या मोठी सभा आहे. सूनबाई स्वतः येणार. मला साहेबांवर दोन शब्द बोलायला सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं म्हणजे, मी विचारलं. बघू म्हणाले. बघू म्हणजे झालंच."

थोरलीनं हात घासघासून धुतले आणि त्याचा पांढरा सदरा इस्त्रीला घेतला. तो अंगणात उभा राहून भाषण घोळवत होता. एकदा आडरानात जीप चिखलात रुतली, साहेबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सगळ्यांबरोबर ढकलायला लागले. जीप निघाली, सगळे चढले, निघाले, आणि पुढच्या गावात साहेब स्टेजवर अनवाणी. चपला तिथंच राहिलेल्या. "आणि बंधूंनो, ते तसेच, चिखलाच्या पायांनी, तासभर बोलले." थोरली सदऱ्याच्या बाह्या दाबत ऐकत होती. भाषण चांगलं होतं. त्याला बोलू द्या रे, ती मनात म्हणाली. दोनच शब्द आहेत.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं असताना धाकटीनं तिला कोपरानं ढोसलं. बांधावर भोंगा उभा होता. पांढरा सदरा, चुरगळलेला. सभेची वेळ तर अजून झालीही नव्हती. त्यानं झाडाखाली पडलेला विळा उचलला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि थोरलीच्या शेजारची ओळ धरली.

धाकटी शहाणी होती. "मी त्या टोकाकडून घेते," म्हणाली आणि लांब गेली.

किती तरी वर्षांत त्यानं विळा धरला नव्हता. मूठ वाकडी पडत होती, बुडखे उंच राहत होते. थोरलीनं टोकलं नाही.

"वेळ नाही म्हणाले," अखेर तो म्हणाला. "साहेबांवर एक क्लिप तयार केलीय म्हणे. पडद्यावर दाखवणार. मग तुम्ही कशाला, म्हणाला तो पोरगा."

ती पेंढी बांधत राहिली.

"आणि खरं सांगू का? जीपवर मी नव्हतोच. पहिल्या दिवसापासून नव्हतो. खुर्च्या लावायचो, बायका मोजायचो."

"माहीत आहे."

त्याचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या गळ्यानं. निवडणूक आली आणि तुमचा आवाज बसला नाही, असं कधी झालंय?"

मैदानावर काय पाहिलं ते ती बोलली नाही. पुढंही कधी बोलणार नव्हती.

"मग विचारलं का नाहीस?"

"म्हटलं, सांगाल." तिनं पेंढीची गाठ आवळली. "ते चपलांचं भाषण मी ऐकलंय. पण धाकटीनं नाही ऐकलं. तिला ऐकवा की. हात मात्र चालू ठेवा."

"इथं? शेतात?"

"का? तिळाला कान नाहीत म्हणून?"

आधी तो लाजला. मग खाकरला. आणि मग वाकल्या वाकल्या, ताटं कापत, त्यानं सुरुवात केली. धाकटी ऐकत ऐकत जवळ सरकली. जीप रुतली, चपला निघाल्या, चिखल उडाला. अनवाणी पायांपाशी आल्यावर भोंग्याचा आवाज कापला. तो उभा राहिला, बाहीनं नाक पुसलं, आणि पुढं त्याला बोलता येईना. साहेब गेल्यापासून तो रडला नव्हता. दुखवट्याच्या दिवशीही सतरंज्या घालण्यातच त्याचा वेळ गेला होता.

धाकटीनं डोळ्याला फडकं लावलं. "माणूस चांगला होता हो," ती म्हणाली. "पक्ष वाईट."

भोंगा रडता रडता हसला. पांढऱ्या सदऱ्यावर तिळाच्या चिकाचे काळपट डाग पडले होते आणि ते पुढं कधीच गेले नाहीत.

त्यानंतर तो रोज शेतात आला. तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर फडकी बांधून तो कापत राहिला. दोन्ही शेतं मोकळी झाली आणि पेंढ्या वाळल्या, तोवर प्रचारही संपला होता. मग प्रश्न आला पेंढ्या खळ्यावर न्यायचा. ट्रॉली दिराकडे. धाकटी घरी जाऊन काय बोलली कोण जाणे, पण संध्याकाळी ट्रॅक्टर धडधडत बांधाशी आला. दीर खाली उतरला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "दोर आहे का?"

"दोर?" भोंगा म्हणाला. "आहे की."

"मग दे."

भोंग्यानं दोर दिला. दोघे पेंढ्या चढवायला लागले.

"दादा, आडवी टाकू नकोस. सांडेल."

"मला शिकवतोस होय?"

"मग काय करू? सांडू देऊ?"

"बरं, बरं. उभी ठेवतो."

थोरली आणि धाकटीनं एकमेकींकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवून हसू दाबलं. एवढ्यावर समेट झाला.

मतदानाला चौघं त्याच ट्रॉलीतून गेली. दीर म्हणाला, "आपली चारही मतं एकमेकांत फिटणार. घरीच बसलो असतो तरी चाललं असतं." थोरली म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, आमच्या दोघींचं कुणाला माहीत?" यावर दोन्ही भाऊ पहिल्यांदाच एका बाजूला झाले आणि काळजीत पडले. शाळेच्या खोलीत शाई लावणाऱ्या माणसानं थोरलीचा हात धरला, उलटासुलटा केला. "बाई, शाई लावू कुठं? बोटं आधीच काळी." "लावा हो, नखावर लावा," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा येऊन जाईन." रांगेतली माणसं हसली. पडद्याआड ती जरा वेळ उभी राहिली आणि तिला हवं ते बटण दाबून आली. कोणतं, ते तिनं धाकटीलाही सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी खळ्यावर ताडपत्री पसरली होती. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. तीळ झाडायला याहून चांगला दिवस मागूनही मिळाला नसता. पेंढी उचलायची, उलटी धरायची, काठीनं हलके दोन टोले द्यायचे. तोंड उघडून बसलेल्या बोंडांतून तीळ सळसळत खाली यायचा. मध्येच दिराचा खिशातला फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि फोन परत खिशात घातला.

"तुमच्या सूनबाई आल्या निवडून," तो काठी उचलत म्हणाला.

भोंगा काय करतो म्हणून धाकटी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. तो म्हणाला, "चला, बरं झालं. ती पेंढी दे इकडे."

दुपार कलताना रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली. आभाराची फेरी होती. पुढं तीच जीप, तेच गाणं, तोच गुळगुळीत गळा. उघड्या गाडीत सूनबाई उभ्या होत्या, दोन्ही बाजूंना हात जोडत. उन्हानं त्यांचं तोंड लाल झालं होतं. मागच्या ट्रकात टोळीवाली, गुलालानं माखलेली, नाचत होती. आता त्या खळ्याकडे वळून बघतील, आता हे काठी टाकून रस्त्याकडे पळतील, असं थोरलीला वाटलं. मान उंच करून ती बघतच राहिली. सूनबाई तिला रुबाबानं अगदी साहेबांच्या घरातल्या वाटल्या नाहीत, पण बाई दमलेली दिसत होती. असं ऊन अंगावर घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, ते थोरलीला ठाऊक होतं.

"अगं ए!" भोंगा ओरडला. "कुणीकडे बघतेस? पेंढी कुठं धरलीस, सांडतंय ना सगळं!"

तिनं खाली पाहिलं. पेंढी ताडपत्रीच्या बाहेर गेली होती आणि मूठभर तीळ मातीत पडला होता. नवरा काठी उगारून तिच्याकडेच बघत होता. रस्त्याकडे त्याची पाठ होती. त्याचे केस, भुवया, मिशा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि कानाच्या पाळीत एक तीळ अडकला होता.

"धरते बाबा, धरते," थोरली म्हणाली. पेंढी आत ओढून तिनं नीट उलटी धरली, आणि त्यानं दोन टोले दिले.